पुढं ढकलायची गोळी

"वैजू, ती गोळी दे," अक्काताई थोरवे म्हणाल्या आणि काउंटरवर कोपर टेकून रस्त्याकडे बघत राहिल्या.

ती गोळी म्हणजे कुठली, हे आमच्या रहिमतपुरात सांगावं लागत नसे. श्रावण लागला की नवरात्र उठेपर्यंत बायका तिच्यासाठी औषधाच्या दुकानात यायच्या, पण नाव कुणी घेत नसे. कुणी चिठ्ठी पुढं करी, कुणी धाकट्या जावेला पाठवी, फार झालं तर "पुढं ढकलायची" एवढंच म्हणे. गौरीच्या सणात पाळी आली तर बाई सोवळ्यातून बाद, म्हणून पाळीच पुढं ढकलायची. दुकानाचे मालक शिरीषभाऊ श्रावणातच दोन खोकी आणून समोरच्या फळीवर रचून ठेवत. माझे आबा गुरव, देवळात देवीची पूजा करायचे. बाप देवीची पूजा करतो आणि लेक देवीच्या सणाची गोळी विकते, म्हणजे दोघांचीही सेवाच, असं ते हसून म्हणत.

मी तेवीस वर्षांची होते. औषधशास्त्राची पदविका घेऊन आलेली गावातली पहिली मुलगी, आणि त्याची मला थोडी घमेंडही होती. दुकानात लागल्यापासून मी एक नियम केला होता. गोळी जिला घ्यायची आहे, तिनं स्वतः यायचं आणि माझ्या तीन प्रश्नांना उत्तर द्यायचं. मागची पाळी कधी आली, कावीळ किंवा पायाच्या शिरेचं काही दुखणं झालंय का, आणि दिवस गेले असण्याची शक्यता आहे का. शिरीषभाऊ म्हणायचे, "पोरी, तू गोळ्या विकतेस का पंचनामा करतेस?"

अक्काताईंनाही मी तेच सांगितलं. गोळी त्यांच्या सुनेला, ज्योत्स्नावहिनींना हवी होती, तेव्हा वहिनींना पाठवा.

"तिला काय इचारायचं? मंगळवारी तिची तारीख, आन् मंगळवारीच गौरीचं पूजन. आज शनवार. आज गोळी सुरू केली तर लागू पडंल, उद्या काय उपयोग न्हाई. मला ठाव हाय सगळं."

त्यांना खरंच सगळं ठाऊक होतं. ती गोळी तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. पण मी हट्टाला पेटले आणि त्या पदर खोचून निघून गेल्या. थोरव्यांचं भांड्यांचं दुकान पेठेत सगळ्यात जुनं आणि अक्काताई त्या घरातल्या कर्त्या. त्यांना नाही म्हणणारं माणूस पेठेत सापडत नसे. मी नाही म्हटलं.

बाराच्या सुमारास वहिनी आल्या. माहेर कराडचं, बीए झालेल्या, बोलायला मऊ. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पायरी चढता चढताच त्यांनी पदर नाकाला लावला.

"वैजू, कापूर सांडलाय का गं कुठं?"

कापूर मागच्या खोलीतल्या कपाटात होता, बंद डब्यात, आणि डबा कागदात गुंडाळलेला. मी सकाळपासून दुकानात होते आणि मला फिनेलखेरीज कसलाही वास आलेला नव्हता. मी वहिनींना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि माझे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी दाराकडं एकदा पाहून घेतलं.

मग हळूहळू बोलल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांकडं वर्षभर उपचार चालू होते. या महिन्यात स्त्रीबीज वाढायची औषधं दिली होती, दर दोन दिवसांनी सोनोग्राफी केली होती. बीज मंगळवारी फुटलं, असं डॉक्टरांनी बुधवारी पाहून सांगितलं. त्याला आज अकरा दिवस झाले होते. आणि दोन दिवसांपासून छाती दुखत होती, दुपारी डोळे उघडे राहत नव्हते, आणि फोडणी पडली की जिवावर यायचं.

"हे कितव्या दिवशी कळतं गं?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. मला धीर नको देऊ."

मी पुस्तकात वाचलं होतं तेवढं सांगितलं. बीज फुटल्यावर गर्भ झालाच, तर तो पिशवीत रुजायला सहा ते दहा दिवस, कधी बारासुद्धा लागतात. तो रुजल्याशिवाय शरीराला पत्ताच नसतो, म्हणून त्याआधी जी लक्षणं वाटतात ती त्याची नव्हेत. आणि रुजल्यानंतरची लक्षणं व पाळी यायच्या आधीची लक्षणं अगदी सख्ख्या बहिणी. छाती दोन्हीत दुखते, झोप दोन्हीत येते, जीव दोन्हीत नको होतो. अकराव्या दिवशी कुणी छातीठोक सांगू लागलं तर ते खोटं सांगतंय म्हणून समजा.

"मग मागच्या वर्षी मला चौथ्या दिवशीच वाटलं होतं, ते?"

मागच्या वर्षीचं मला काय, सगळ्या पेठेला माहीत होतं. वहिनींना मळमळ झाली, त्यांनी भोळेपणानं सासूला सांगितलं, आणि अक्काताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी त्याच दिवशी मारुतीला नारळ फोडला, शेजारपाजारी पेढे दिले, कराडला निरोप धाडला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. दहा दिवसांनी पाळी आली. पेढे खाल्लेल्या बायका मग एकेक करून समाचाराला आल्या, आणि प्रत्येकीनं "असू दे गं" म्हणून वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून पाठीवर आहे, असं वहिनी म्हणाल्या.

मी दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी काढली. मागं मोरी होती. पाच मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ होती, दुसरीचा मागमूस नव्हता. वहिनींनी ती पाहिली आणि उठल्या. "नाहीये ना. मग दे गोळी."

"नाही असं ही पट्टी म्हणत नाही, वहिनी. मला अजून कळत नाही, असं म्हणतेय. पाळीची तारीख उलटून चार दिवस गेले की हिला कळेल. म्हणजे पुढच्या शनिवारी."

"आणि गोळी तर आजच सुरू करायची."

हाच पेच होता. गोळीच्या खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की, दिवस गेल्याची शंका असेल तर ही घेऊ नये. शंका आज होती आणि खात्री पुढच्या शनिवारी होणार होती. आम्ही दुकानाच्या फोनवरून साताऱ्याला डॉक्टरांना लावून पाहिलं. गणपती कालच बसले होते, डॉक्टर गावी गेलेले, दवाखाना पाच दिवस बंद. त्या खोलीत निर्णय घ्यायला आम्ही दोघीच उरलो होतो.

"मी घेणार नाही," वहिनी शेवटी म्हणाल्या. "पण आत्यांनी आणून तळहातावर ठेवली तर मला नाही म्हणता येणार नाही." सासूला त्या आत्या म्हणत. "आणि खरं कारण त्यांना सांगणं तर मुळीच जमणार नाही. पुन्हा पेढे, पुन्हा ते हात. वैजू, तू शब्द दे, यातलं अक्षर बोलणार नाहीस."

मी शब्द दिला. तेव्हा वाटलं, शब्द काय, द्यायला सोपा असतो.

संध्याकाळी अक्काताई परत आल्या. दुकानात गर्दी होती, शिरीषभाऊ मंडळाच्या आरतीहून नुकतेच येऊन गल्ल्यावर बसले होते. अक्काताईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं की सून येऊन गेली, तिला हात हलवत का धाडलंस. सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली.

"संपल्यात, अक्का," मी म्हटलं.

माझ्या डोक्याच्या मागंच, फळीवर, दोन्ही खोकी होती. एकाचं तर झाकणही अर्धवट उघडं होतं. मी आयुष्यात इतकं वाईट खोटं त्याआधी बोलले नव्हते, त्यानंतरही नाही. अक्काताईंनी खोक्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा खोक्यांकडं. शिरीषभाऊ उठून खोक्याकडं हात करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "असू दे. संपल्या म्हनती तर संपल्या असतील," आणि छत्री उचलून पायऱ्या उतरल्या.

समोरच औषधांचं दुसरं दुकान होतं. तिथं कुणी कसलेही प्रश्न विचारत नसे. अक्काताई रस्ता ओलांडून त्याच्या पायरीशी पोचलेल्या मी पाहिल्या, आणि नेमका मंडळाच्या सामानाचा टेम्पो मध्ये येऊन उभा राहिला. टेम्पो हलला तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं.

शिरीषभाऊंनी दुकान बंद करताना मला चांगलंच फैलावर घेतलं. थोरव्यांचं घर तीस वर्षांचं गिऱ्हाईक, ते मी एका गोळीपायी घालवलं, आणि डोळ्यांदेखत खोटं बोलायचं तर निदान खोकी तरी आधी खाली ठेवायची. मला कारण त्यांनाही सांगता येत नव्हतं. खोटं का बोललीस म्हणाले, तर मी कुलूप शोधायला लागले. सणानंतर बघतो काय करायचं ते, म्हणाले. माझ्या डोक्यात नोकरीपेक्षा तो टेम्पोच फिरत होता.

रविवार गेला, सोमवारी गौरी आल्या. मंगळवारी पूजन. संध्याकाळी थोरव्यांकडं हळदीकुंकू असे आणि गुरवाच्या घरातल्या बाईनं जायलाच हवं, असा रिवाज. आईचा गुडघा धरला होता, म्हणून मी गेले. दारातच पेठेतल्या दोघीतिघी चपला घालता घालता बोलत होत्या.

"ज्योत्स्नाला अडचण आली म्हणं. कालपास्नं बसलीया बाजूला."

"ऐन गौरीत बाई. गोळी मिळाली न्हाई म्हनत्यात येळंवर."

शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून होतं. मी उंबऱ्यातच थांबले. दोष माझ्यावर आला याचं काही वाटलं नाही, ते मी धरूनच चालले होते. पण अडचण आली म्हणजे सगळंच संपलं होतं. कापूर, झोप, फोडणीचा वास, सगळं पाळीच्याच वाटेनं गेलं होतं. मला एकदम वहिनींच्या पाठीवरचे हात आठवले आणि रडूच आलं.

आत गौरी उभ्या होत्या, हिरव्या आणि जांभळ्या शालूत. दरवर्षी त्यांना वहिनी नेसवत, निऱ्या कशा एकसारख्या पाटावर पडलेल्या असत. यंदा शालू जरा तिरका बसला होता, कारण तो अक्काताईंनी एकटीनं, साठी उलटल्यावर, स्टुलावर चढून नेसवला होता. पुरणाच्या पोळ्या, सोळा भाज्या, सगळं एकटीनं. त्यांचे हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे झाले होते आणि डोळे धुरानं लाल. मला त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता हातात एक ताटली दिली. ताटलीत पोळी नव्हती, भाजी नव्हती. दहीभात आणि लिंबाची फोड.

"मागल्या खोलीत ज्योत्स्नाला नेऊन दे. तुला चालतं न्हवं अडचणीतल्या बाईला शिवलेलं? का त्याचाबी पंचनामा करतीस?"

जवळच्या बायका हसल्या. मी ताटली घेऊन मागं गेले.

मागच्या खोलीत खिडकीखाली वहिनी सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या. उशाशी आलं आणि लिंबू. मी जवळ बसले. "असू दे" एवढं सोडून काहीही बोललं तरी चालेल, असं मनाशी म्हणत होते. वहिनींनी माझा हात धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अजून आलेली नाही."

मला समजलंच नाही. मी म्हटलं, बाहेर तर सगळ्या...

"आत्यांनी सांगितलंय सगळ्यांना. काल सकाळी मला म्हणाल्या, आजपासून तू मागच्या खोलीत बसायचं. मी म्हटलं, आत्या, मला अजून आलेली नाही. तर म्हणाल्या, मला ठाव हाय. बस." वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "गोळीचं एका शब्दानं विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. दोन दिवस मला एक भांडं उचलू दिलं नाही त्यांनी. बाजूला बसलेल्या बाईला कोण काम सांगणार?"

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. अक्काताई एकट्याच होत्या, हळदीकुंकवाचं दूध ओतत होत्या. मी दाराआड उभी राहून विचारलं, की अक्का, तुम्ही त्या दिवशी समोरच्या दुकानात गेला होतात ना?

"पायरीपातूर गेले," त्या वर न बघता म्हणाल्या. "मग म्हटलं, ही गुरवाची पोरगी. दोन खोकी डोक्यावर ठेवून संपल्या म्हनती. एवढी वेंधळी न्हाई ती. काय तरी पोटात ठेवलंय तिनं. आन् घरी गेले तर ही गणपतीच्या पुरणाची डाळ शिजताना नाक दाबून उभी. चार लेकरं काढलीत मी. पुरणाच्या डाळीचा वास कुणाला नको हुतो?"

मी सांगितलं, की अक्का, अजून काहीच नक्की नाही. शनिवारपर्यंत काही सांगता येत नाही. उद्यासुद्धा पाळी येऊ शकते.

"येऊ दे की. म्हनून तर सांगून ठेवलं." आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आली, तर कुणाला काय नवं कळणार न्हाई. ती बसलेलीच हाय बाजूला. कुणी समाचाराला येणार न्हाई, कुणी पाठीवर हात फिरवणार न्हाई. मागल्या साली मी पेढे वाटले, पोरी. समद्या गावाला आशा मीच सांगितली आन् मग ती एकटी रडली. तवा मला कळलं न्हाई. यंदा कळलं."

मी गुरवाची लेक. मला राहवलं नाही. मी विचारलं, "अक्का, पण गौरी घरात असताना खोटं बोललात?"

अक्काताईंनी दुधाचं भांडं खाली ठेवलं. "गौरी माहेरवाशीण हाय. माहेरवाशिणीला घरातलं समदं ठाव असतं. मी खोटं बोलले ते गावाशी."

मग त्यांनी दुधाचा पेला माझ्या हातात कोंबला आणि बाहेर बायका खोळंबल्यात म्हणून मला ढकललं. त्या रात्री घरी जाताना मला अक्कांचा इतका अभिमान वाटत होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण शब्द दिलेला होता.

शनिवारी सकाळी दोघी दुकानात आल्या. अक्काताईंनी शिरीषभाऊंना डोकेदुखीचं मलम दाखवायला लावलं, एक नाही, सहा प्रकारची, आणि प्रत्येकाचा वास घेऊन नापसंत केलं. वहिनी आणि मी मागच्या खोलीत. पाच मिनिटं मी घड्याळाकडं पाहत होते आणि वहिनी भिंतीकडं. दुसरी रेघ आधी फिकट आली, मग ठळक झाली. वहिनींनी ती पट्टी हातात धरून ठेवली, खाली ठेवेनात.

मी बाहेर आले. अक्काताई काउंटरला पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत. मी मागून फक्त म्हटलं, "दोन." त्यांचा खांदा एकदा हलला, तेवढंच. मग त्या शिरीषभाऊंकडं वळल्या आणि म्हणाल्या, "मलम नको. डोकं दुखायचं थांबलं. आन् ह्या पोरीला दुकानात ठिवा. ही गेली तर थोरव्यांच्या घरातलं कुणी तुमची पायरी चढणार न्हाई." शिरीषभाऊ सहा मलमांकडं बघत राहिले. त्यांना काय झालं ते कधीच कळलं नाही.

पुढं तीन महिने अक्काताई रोज पेठेतून जात-येत होत्या. रोज कुणी ना कुणी विचारी, सुनेचं काही? त्या म्हणत, "काय न्हाई." ज्या बाईनं चौथ्या दिवशी पेढे वाटले होते, तिच्या तोंडात तीन महिने तीळ भिजला. मी काउंटरमागून ऐकायचे आणि गोळ्या मोजताना चुकायचे.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्या पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन दुकानात आल्या. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला, शिरीषभाऊंना दोन दिले. मग माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वैजू, आमच्या ज्योत्स्नाला दिवस गेल्यात. तिसरा सरला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या, आता मी काय करते म्हणून. मी शब्दाची पक्की. तोंडावर हात ठेवला, डोळे मोठे केले आणि विचारलं, "काय सांगता, अक्का? कधी कळलं?"

"आजच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर तीन पेढे ठेवले.